मेली ती, फोटो तुझा

माझ्या मुलीला अटक झाली त्या सकाळी मी शाळेत निघायच्या गडबडीत होते. बेल वाजली. दारात दोन महिला पोलीस आणि त्यांच्या मागे जिन्यात साध्या कपड्यातला एक माणूस. त्यातली मोठी मऊ आवाजात म्हणाली, "मॅडम, पाच मिनिटांचं काम आहे. मुलीचं स्टेटमेंट घेतो आणि सोडतो." मुलगी पोहे खात होती. तिने बशी ओट्यावर ठेवली, वर ताटली झाकली, "आल्यावर खाते" म्हणाली आणि चपला घातल्या. मी खालपर्यंत गेले. अंबरनाथ पूर्वेला आमच्या सोसायटीत त्या वेळेला सगळे खालीच असतात, कोणी दूध घेऊन येत असतं, कोणी गाडी पुसत असतं. सगळ्यांनी पाहिलं. कोणी काही विचारलं नाही.

दुपारी कळलं की हे स्टेटमेंट नाही, अटक आहे. आणि कलमं अशी लावली आहेत की जामीन लगेच होणार नाही.

गुन्हा एका गाण्याचा होता. ते गाणं कसं झालं ते आधी सांगते.

माझं सासर उल्हासनगरचं. मी अंबरनाथच्या एका मराठी शाळेत शिक्षिका, नवरा शहाडच्या कारखान्यात सुपरवायझर. आता तो रिटायर झाला आहे. मुलगी लहान असताना आम्ही दोघं कामावर जायचो आणि ती दिवसभर उल्हासनगरला सासूबाईंजवळ असायची. तिथे गल्लीच्या तोंडाशी एक चारमजली इमारत होती आणि तिच्या तळमजल्यावर एक सिंधी बाई सकाळी दाल-पकवान विकायची. माझ्या मुलीची ती दादी. मुलगी तिच्या गाळ्यात स्टुलावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची, अर्धं मराठी, अर्धं सिंधी. मोठी झाली, बी.एस्सी. झाली, बदलापूरला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला लागली, तरी सुट्टीच्या दिवशी दादीकडे चक्कर असायचीच.

मागच्या वर्षी त्या इमारतीचा स्लॅब कोसळला. सकाळची वेळ, कढई गॅसवर चढलेली. दादी जागीच गेली. ती इमारत कच्ची आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. बांधणाऱ्याची आणि तिथल्या एका पुढाऱ्याची रोजची उठबस होती, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी नाक्यावर बॅनर लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. त्यावर तो पुढारी हात जोडून उभा, पायापासून डोक्यापर्यंत, शेजारी त्याची पोरं गोल गोल चौकटींत. आणि खाली कोपऱ्यात दादी, आधार कार्डावरून कापून घेतलेली, पोस्टाच्या तिकिटाएवढी.

मुलगी त्या बॅनरसमोर कितीतरी वेळ उभी होती, असं नंतर लोकांनी मला सांगितलं. घरी आली, जेवली नाही, आतल्या खोलीत बसून राहिली. दोन-तीन दिवसांनी वस्तीतले लोक मेणबत्त्या घेऊन नाक्यावर जमले, तेव्हा तिने ते गाणं म्हटलं. वाद्य कसलं नव्हतं. पोरं टाळ्यांवर ठेका धरत होती.

स्लॅब कुणाचा, सही कुणाची,
मेली ती अन् फोटो तुझा.
कढई तिची, पकवान तिचं,
मेली ती अन् फोटो तुझा.

पुढे हिंदीत होतं, मग पुन्हा मराठीत, आमच्याकडची पोरं बोलतात तसं. दर दोन ओळींनी ती बॅनरकडे बोट करायची आणि सगळी गर्दी म्हणायची, "तुझा!" कोणीतरी मोबाईलवर काढलं आणि ते घरोघरी गेलं. त्यानंतर काही पोरांनी बॅनर फाडला. पुढाऱ्याचे कार्यकर्ते आले, दगड उडाले, त्यांच्यातल्या एकाचं डोकं फुटलं. मुलगी तेव्हा बदलापूरला लॅबमध्ये ड्युटीवर होती. कार्यकर्त्यांच्या तक्रारीत लिहिलं होतं की तिच्या गाण्याने लोक भडकले, म्हणून डोकं फुटलं, म्हणून मुख्य आरोपी ती.

उल्हासनगरचे एक सिंधी वकील आम्हाला मिळाले. वयस्कर, सज्जन माणूस. ते म्हणाले, "मॅडम, घबराओ मत. पोरीचा रेकॉर्ड क्लीन आहे. होऊन जाईल." पहिला जामीन अर्ज फेटाळला गेला. मुलगी जेलमध्ये गेली.

त्या दिवसांत मला झोप अशी लागायचीच नाही. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मी थांबायचे आणि पुढचा शब्द आठवायचा नाही. पोरं आपसात हळूच बोलायची. स्वयंपाकाला उभी राहिले की तिघांचा भात लावायचे. नवऱ्याशी बोलायला विषय एकच होता आणि त्या विषयावर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा. एकदा तो एवढंच म्हणाला, "तिला गायला मीच शिकवलं ना."

आणि मग मला भावजी आठवले. खरं तर आधीपासूनच आठवत होते, पण नवऱ्यासमोर त्यांचं नाव काढायला जीभ रेटत नव्हती.

भावजी म्हणजे तो मोठा गायक. त्याला सगळा महाराष्ट्र ओळखतो, म्हणून नाव लिहीत नाही. माझ्या नवऱ्याचा बालमित्र. उल्हासनगरच्या चाळीत दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. दोघांची मिळून एक गायन पार्टी होती. भावजी गायचे, नवरा ढोलकी वाजवायचा. माझं लग्न झालं तेव्हा कोरसला एक बाई कमी होती, म्हणून सासूबाईंनीच मला पुढे केलं. जयंतीला, विहाराच्या उद्घाटनाला, कुठे कुठे जायचो आम्ही, अंबरनाथ, बदलापूर, पार आतल्या गावांपर्यंत. आमच्या गाण्यांत सगळं असायचं. नोकरीत डावलल्याचं, नळाला पाणी न आल्याचं, शिवीगाळ झाल्याचं. सरकारला सरळ नाव घेऊन सवाल असायचा. याला राजकारण म्हणतात, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलंच नव्हतं. गाणं म्हणजे हेच, असं वाटायचं.

भावजींचा आवाज असा होता की कडव्याच्या शेवटी ते वर जायचे तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा, आणि मी तर त्यांच्या मागे रोज उभी असायचे. तो आवाज मुंबईला गेला. सिनेमाची गाणी, जाहिराती, परदेशातले दौरे, मोठमोठ्या व्यापाऱ्यांच्या घरची लग्नं. घर समुद्रासमोर झालं, बदलापूरच्या बाहेर डोंगराच्या पायथ्याला बंगला झाला. आम्हाला आनंदच होता. आमच्या नव्या घराच्या जेवणाला ते आले होते, जमिनीवर बसून जेवले. पण जुनी गाणी त्यांनी सोडली ती सोडलीच. निवडणुकीच्या दिवसांत टीव्हीवाले विचारायचे तेव्हा ते हसून म्हणायचे, "मी कलाकार माणूस. मला त्यातलं काही कळत नाही." नवरा तेव्हा चहाचा कप घेऊन गॅलरीत जायचा. वाईट शब्द त्याने कधी काढला नाही.

शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी एकटीच बदलापूरला त्यांच्या बंगल्यावर गेले. ते तिथे आहेत हे त्यांच्या बहिणीकडून कळलं होतं. गेटवर बराच वेळ थांबावं लागलं. मग ते स्वतःच बाहेर आले. "वहिनी! फोन नाही करायचा?" आतल्या हॉलमध्ये त्यांनी मला पाणी दिलं, माझ्यासमोर बसले आणि मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "मला कळलंय. वकील मी देतो. मुंबईतला सगळ्यात मोठा."

"वकील आहे आमच्याकडे," मी म्हणाले. "भावजी, तुम्ही बोला."

"म्हणजे?"

"कुठेही बोला. टीव्हीवर, स्टेजवर. गाण्यात म्हणा. ही माझ्या मित्राची मुलगी आहे, हिने काही चुकीचं म्हटलेलं नाही, एवढं म्हणा."

ते उठले, खिडकीशी गेले. बाहेर माळी हिरवळीवर पाणी मारत होता.

"वहिनी, मी तोंड उघडलं की पहिलं काय म्हणतील माहितीये? बंगल्यात बसून हा आम्हाला गरिबी शिकवतो. आणि चूक नाही त्यांचं. मी शेवटचा कधी राहिलो स्लॅब गळणाऱ्या घरात? मला काय हक्क आहे त्या गाण्यावर?"

"हक्क तिला होता. ती आत आहे."

त्यांनी खिडकीचा पडदा ओढला.

"तुमच्यावर कोण हात टाकेल?" मी म्हणाले. "एक जाहिरात जाईल, दोन जातील. तिची अख्खी जिंदगी चाललीये, भावजी." आणि मग मला राहवलं नाही. मी त्यांचे पाय धरायला वाकले. आमच्यात असं कोणी करत नाही, मीही आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्यांनी मला अर्ध्यातच धरलं. "नका असं करू. बघतो मी. वहिनी, बघतो म्हणालो ना."

घरी येऊन मी नवऱ्याला काही सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात बदलापूरला मैदानावर भावजींचा कार्यक्रम होता. तो आधीच ठरलेला होता, मोठमोठी माणसं पुढच्या सोफ्यांवर होती. दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या स्टाफरूममध्ये शिरले तर सगळ्याजणी एका मोबाईलभोवती गोळा झालेल्या. एकीने मला मिठीच मारली. "बाई, तुमच्या मुलीचं गाणं! बघा, बघा!"

बघितलं. सोनेरी झब्बा घालून भावजी उभे होते. मागे व्हायोलिन, बासरी, तबला, दोन बाजूंना कोरस. ते म्हणाले, "हे एका लेकीचं गाणं आहे." आणि गायले. आवाज तोच, शेवटी वर जाणारा. मैदानभर लोकांनी मोबाईलचे दिवे लावले आणि डोलायला लागले. माझ्या डोळ्यांना धार लागली. मला वाटलं, सुटली. आता सुटली. एवढी माणसं, एवढा मोठा माणूस. आता कोण ठेवेल तिला आत?

घरी जाऊन मी नवऱ्याला दाखवलं. त्याने ते एकदा पाहिलं, मग कानाशी मोबाईल धरून पुन्हा ऐकलं. त्याची बोटं गुडघ्यावर हलली आणि थांबली.

"लय उतरवली त्याने," तो म्हणाला. "धावतं गाणं होतं. त्याने निजवलं."

"असू दे की. म्हटलं तर खरं."

"आणि शब्द ऐकलास का? 'तुझा' नाही म्हटला तो. 'फोटो कुणाचा' म्हणतोय. मेली ती अन् फोटो कुणाचा."

मी पुन्हा ऐकलं. खरंच होतं. लोक दिवे हलवत विचारत होते, कुणाचा, कुणाचा. जणू कोणालाच ठाऊक नव्हतं. पण त्या दिवशी मी नवऱ्यावरच चिडले. म्हटलं, तुला लय सुचते, माझी पोर आत आहे.

तेवढ्यानेही वादळ झालं. पुढचे काही दिवस बातम्यांना दुसरा विषय नव्हता. वकिलांच्या ऑफिसात बाहेरच्या बाकावर मी बसलेले असायचे आणि समोर टीव्ही चालू. चौकटीचौकटींतून माणसं भांडायची. कोट्यधीश गायकांनी राजकारणात नाक खुपसावं का? एकजण म्हणायचा, कलावंताने बोललंच पाहिजे. दुसरा म्हणायचा, एवढा पुळका आहे तर आधी बंगला वाटून टाका. तिसरी बाई म्हणायची, लोक गाणी ऐकायला पैसे देतात, भाषणं ऐकायला नाही. भावजींच्या गाड्या दाखवायचे, समुद्रासमोरचं घर दाखवायचे, त्यांच्या घराबाहेर उभे केलेले पोलीस दाखवायचे. शेजारी बसलेल्या एका माणसाने मला विचारलं, "तुमको क्या लगता है मॅडम? बोलना चाहिए क्या?" मी टीव्हीकडेच बघत राहिले. एवढ्या भांडणात माझ्या मुलीचा उल्लेख एकदाही आला नव्हता. ती जेलमध्ये आहे हे त्यांच्यातल्या कितीजणांना माहीत होतं, मला सांगता येणार नाही. दादीचं तर सोडाच.

जामिनाचा दुसरा अर्ज होता त्या दिवशी कोर्टात सरकारी वकील उभे राहिले आणि म्हणाले, हे गाणं आता राज्यभर पसरलं आहे, जागोजागी लोक ते म्हणत आहेत, मूळ आरोपी बाहेर आली तर शांतता धोक्यात येईल. अर्ज फेटाळला गेला.

बाहेर व्हरांड्यात आमचे वकील चष्मा पुसत उभे राहिले. "मॅडम, तुमच्या सिंगरने चांगलं केलं का वाईट, ते मी सांगू शकत नाही. दिल से किया होगा. केसला मात्र जड गेलं. आधी हे एका गल्लीचं गाणं होतं."

मी तिथेच पायरीवर बसले. मीच गेले होते ना त्यांच्याकडे. मी पायाशी वाकले होते.

भावजींना फोन लावला. त्यांच्या मॅनेजरने उचलला. "सर अभी किसी से बात नहीं कर रहे." पुन्हा लावला, पुन्हा तेच. संध्याकाळी टीव्हीवर त्यांचं निवेदन आलं. आपला कोणत्याही पक्षाशी, वादाशी संबंध नाही. आपण एक लोकगीत गायलो. सर्वसामान्यांच्या भावना व्यक्त करणारं एक लोकगीत.

लोकगीत म्हणजे ज्याला कर्ता नसतो. मी पोरांना हेच शिकवते, मराठीच्या तासाला. तिने आतल्या खोलीत दार लावून लिहिलेलं गाणं कुणाचंच नाही झालं. फक्त पोलिसांच्या कागदावर ते तिचं होतं.

त्या दिवसापासून नवऱ्याचं खाणं सुटलं. बीपी वाढलं, चालताना भिंत धरायला लागला. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. माझ्या मनात काय काय यायचं ते लिहायलाही नको वाटतं. गॅलरीतून खाली बघताना भीती वाटायची, म्हणून मी कपडे वाळत घालायला तिथे जाणं बंद केलं. घरातच दोऱ्या बांधल्या.

आणि मग मी त्या पुढाऱ्याच्या ऑफिसात गेले. कोणाला विचारलं नाही. लोक रांगेत बसले होते, कोणाचं रेशनकार्ड, कोणाचं ॲडमिशन. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "मी तिची आई." त्याने बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं. मला चहा मागवला. मला वाटलं होतं ओरडेल, अपमान करेल. तसं काही केलं नाही.

"ताई, तुमच्या मुलीचा मला राग नाही," तो म्हणाला. "लहान आहे. त्या म्हातारीशी तिचं नातं होतं, मला कळतं. मला राग त्या गायकाचा आहे. समोर सोफ्यावर मला बसवून माझ्यावरच गातो. पण त्याला मी हात लावू शकत नाही. वरून फोन येतील. त्याच्या गाण्यांवर आमच्या वरच्यांच्या मुलांची लग्नं लागलीत." त्याने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "मग उरलं कोण?"

हे त्याने अगदी साधेपणाने विचारलं. मी चहा प्यायले. कारण कप तसाच ठेवला तर त्याला राग येईल असं वाटलं.

त्याची अट एकच होती. मुलीने माफी लिहून द्यायची, आणि सुटल्यावर मोबाईलसमोर बोलून दाखवायची. तसं झालं तर तक्रारदार जामिनाला हरकत घेणार नाही.

जेलमध्ये भेटीच्या वेळी मध्ये काच असते आणि दोन्हीकडे फोनचे रिसीव्हर. मुलगी वाळली होती. केस कोणीतरी घट्ट तेल लावून विंचरून दिले होते. मी माफीचं काही बोलायच्या आधी तिनेच विचारलं, "आई, काकांनी गायलं म्हणे माझं गाणं? इथे टीव्हीवर दाखवलं. आवाज बंद होता, पण एका बाईने बाहेर ऐकलं होतं. आता आत सगळ्याजणी म्हणतात. कपडे धुताना म्हणतात."

तिचे डोळे चमकत होते. तेवढ्यासाठी का होईना भावजींनी गायलं ते बरं झालं, असं मला क्षणभर वाटलं.

"पण हळू म्हणतात," ती म्हणाली. "आणि 'कुणाचा' म्हणतात. मी सांगितलं 'तुझा' आहे. त्या म्हणाल्या, नाही, टीव्हीवर 'कुणाचा' आहे. आई, काकांनी बदललं का?"

"हो," मी म्हणाले.

मग मी माफीचं सांगितलं.

"म्हणजे मी काय लिहायचं? मी खोटं गायले? दादी मेली नाही?"

"दादी मेली. तू जिवंत आहेस. बाबांना चालता येत नाही आता. माझ्याच्याने होत नाही ग. मी हात जोडते." आणि मी खरंच काचेसमोर हात जोडले. रिसीव्हर खांद्याने धरला होता, तो घसरला आणि तारेला लटकत राहिला. ती पलीकडून काहीतरी बोलत होती, मला ऐकू येत नव्हतं. ओठ हलताना दिसत होते. मी रिसीव्हर उचलला तेव्हा ती म्हणाली, "रडू नको. लिहिते."

तिने लिहून दिलं. पुढच्या अर्जाला कोणी हरकत घेतली नाही. जामीन झाला, अटी घालून. सभा नाही, गाणं नाही, मोबाईलवर काही टाकणं नाही. सुटल्यावर सरळ त्या ऑफिसात जावं लागलं. तिने मोबाईलसमोर उभं राहून माफी मागितली. पहिल्यांदा आवाज नीट आला नाही म्हणून पुन्हा मागायला लावली. दुसऱ्यांदा तिने मोठ्याने मागितली.

लॅबची नोकरी गेली होती. नवऱ्याने तिला दारात पाहिलं आणि खुर्चीतून उठता उठता पुन्हा खाली बसला. तिने त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. तो तिच्या डोक्यावर थोपटत राहिला.

थोड्या दिवसांनी भावजी आले. गाडी लांब उभी करून चालत आले, तोंडावर मास्क. नवरा आतल्या खोलीत होता, तो बाहेर आला नाही. भावजी मुलीसमोर बसले आणि म्हणाले, "बाळा, मी चुकलो. ते निवेदन माझ्या लोकांनी लिहिलं, मी सही केली. आता गाणं रीतसर रेकॉर्ड करतोय. त्यावर तुझं नाव टाकतो, मोठ्या अक्षरांत. रॉयल्टी सगळी तुझी."

"नाव नका टाकू, काका," मुलगी म्हणाली.

"अगं, तुझं गाणं आहे."

"नाव टाकलंत की जामीन रद्द होईल. मी पुन्हा आत."

हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ते माझ्याकडे बघायला लागले. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"मग नाही गात," ते म्हणाले. "बंद करतो."

"नाही, गा ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना. "गायलाच पाहिजे तुम्ही. माझ्यासारखीने गायलं तर काय होतं ते बघितलं ना? तुम्हाला काही होत नाही. पण मग 'तुझा' म्हणा. तेवढं तुम्हाला परवडेल."

त्यांनी मान खाली घातली. जाताना आतल्या खोलीच्या दाराशी थांबले, नवऱ्याला लहानपणीच्या नावाने हाक मारली. दार उघडलं नाही. "वहिनी, जयभीम," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

ते रेकॉर्डिंग झालं नाही. भावजींनी त्यानंतर पुन्हा ते गाणं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यांच्या गेलेल्या जाहिराती परत आल्या. त्यांच्यावर माझा राग आहे का, असं माझी बहीण मला विचारते. ते अजिबात गायले नसते तर मी त्यांना आयुष्यभर माफ केलं नसतं, हे मला माहीत आहे. ते गायले म्हणून माझी मुलगी जास्त दिवस आत राहिली, हेही मला माहीत आहे. ही दोन्ही खरी आहेत आणि त्यांची बेरीज मला जमत नाही. एवढं मात्र कळतं की गाऊन झाल्यावर तिथे उभं राहावं लागतं. ते उभे राहिले नाहीत. मुलगी उभी राहिली होती, आणि तिला खाली बसवणारी मी.

आता ती बदलापूरलाच एका छोट्या कारखान्यात पॅकिंगच्या हिशोबाला बसते. तिथे तिला कोणी ओळखत नाही. घरी आली की टीव्हीचा आवाज मोठा करून बसते. पूर्वी ती आंघोळ करताना गुणगुणायची, स्वयंपाकघरात डब्यांवर ताल धरायची. आता नाही. मी एकदा म्हटलं, घरात गायला अट नाही ग. ती म्हणाली, "येत नाही आई. तोंड उघडलं की ती माफीच येते."

केस अजून उभी आहे. तारीख असली की मी शाळेत रजा टाकते. आम्ही दोघी उल्हासनगरच्या कोर्टात जाऊन बसतो, पुकारा होतो, पुढची तारीख मिळते. वकीलसाहेब म्हणतात, चालेल काही वर्षं. मग आम्ही रिक्षा करून घरी येतो. वाटेत मी तिचा हात धरून बसते. ती धरू देते.